ब्रॉकनहर्स्ट की पार्कएंड? आई-बाबांना इंग्लंडचं खेडं आणि रान दाखवायचं असेल तर

दर उन्हाळ्यात कुणाचे ना कुणाचे आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर आलेले असतात. लंडन, विंडसर, बाथ सगळं उरकलेलं असतं आणि मग बाबा म्हणतात, आता जरा खरं खेडं दाखव बुवा, झाडंबिडं असलेलं. गुगल केलं की पहिलं नाव कॉट्सवोल्ड्सचं येतं. ते देखणं आहेच, पण तिथे रान असं फारसं नाही, शेतं आणि पिवळसर दगडाची घरं, आणि ऑगस्टमधे बोर्टन-ऑन-द-वॉटरला गेलात तर दिवाळीच्या आधीच्या तुळशीबागेत उभं असल्यासारखं वाटतं. गाव आणि गावाला खेटून जंगल असं दोन्ही हवं असेल तर माझ्या मते दोन नावं आहेत, हॅम्पशरमधे न्यू फॉरेस्टच्या मधोमध असलेलं ब्रॉकनहर्स्ट आणि ग्लॉस्टरशरमधे फॉरेस्ट ऑफ डीनच्या पोटात असलेलं पार्कएंड. दोन्हीकडे माझं जाणंयेणं आहे, दोन्ही आवडतात, पण दोन्ही सगळ्यांसाठी नाहीत.

आधी प्रवासाचं बोलू, कारण निम्म्या लोकांचा निर्णय तिथेच होतो. तुमच्याकडे गाडी नसेल तर सरळ ब्रॉकनहर्स्ट करा, फार डोकं लावू नका. लंडन वॉटरलूहून थेट ट्रेन आहे, साधारण दीड तास-पावणेदोन तास, आमच्यासारखे रेडिंगवाले असाल तर तिथूनही थेट गाडी मिळते, आणि स्टेशनातून बाहेर पडलात की तुम्ही गावातच असता. पार्कएंडला मेन लाइनचं स्टेशन नाही. जवळचं स्टेशन लिडनी, तिथे पोचायला लंडनहून ग्लॉस्टर किंवा न्यूपोर्टला गाडी बदलायची आणि लिडनीहून पुढे बस नाहीतर टॅक्सी. बस आहे पण तिच्या भरवशावर सासू-सासऱ्यांना घेऊन जायचं म्हणजे धाडस आहे. एक गंमत मात्र आहे, लिडनीहून पार्कएंडपर्यंत डीन फॉरेस्ट रेल्वेची जुनी वाफेच्या इंजिनाची गाडी धावते, सव्वाचार मैलांची, रोज नसते, ठरावीक दिवशीच असते, पण तो दिवस साधला तर गावात शिरायचा याहून भारी रस्ता नाही. गाडीने एम-फोर धरून लंडनहून अडीच-तीन तास लागतात, आणि सेव्हर्न ब्रिजचा टोल 2018 च्या डिसेंबरमधे बंद झालाय, त्यामुळे चेपस्टोवरून फिरून गेलात तरी खिशाला काही फरक पडत नाही.

आता रान. इथे लोकांची सगळ्यात जास्त निराशा होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. न्यू फॉरेस्ट म्हटल्यावर घनदाट झाडी डोळ्यासमोर येते आणि प्रत्यक्षात ट्रेनच्या खिडकीतून दिसतं उघडं माळरान, काटेरी गॉर्सची झुडपं आणि लांबवर झाडांची रांग. विल्यम द कॉंकररने 1079 च्या सुमारास ही जागा शिकारीसाठी राखून ठेवली आणि तेव्हापासून इथे माळ, दलदल, कुरणं आणि झाडी असं सगळं एकत्रच आहे. झाडी जिथे आहे तिथेही खालची जमीन मोकळी असते, कारण पोनी, गाई आणि हरणं तोंड पोचेल तिथवरचं सगळं खाऊन टाकतात. बीचच्या जंगलात उभं राहिलात तर बुंधे नुसते खांबासारखे उभे आणि त्यांच्यामधून लांबपर्यंत आरपार दिसतं. वयस्कर माणसांना हे फार बरं पडतं, पायवाट चुकण्याची भीती वाटत नाही आणि चढही जवळपास नाहीच.

डीनचं उलट आहे. तिथे आत शिरलं की आकाश कमी दिसतं, ओकच्या खाली ब्रॅकन, होली, ओल्या दगडांवर शेवाळ, आणि चढउतार बऱ्यापैकी. पार्कएंडच्या कडेलाच नॅग्सहेड म्हणून आरएसपीबीचं (पक्षी जपणारी ब्रिटिश संस्था) पक्षी अभयारण्य आहे, तिथले मोठे ओक एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आरमारासाठी लावलेले. 1802 मधे आरमाराचा ॲडमिरल नेल्सन इथे येऊन गेला, जहाजांना लागणाऱ्या लाकडाची दुर्दशा बघून त्याने तक्रार केली, 1808 मधे कायदा झाला आणि हजारो एकरांवर ओक लावले गेले. ओक तयार व्हायला शंभर वर्षं लागतात आणि तोपर्यंत जहाजं लोखंडाची झाली, म्हणून ते ओक आज आपल्याला बघायला मिळतात. सरकारी नियोजनातून इतकं चांगलं काही चुकून झाल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही. त्याच ओकांवर 1942 पासून पक्ष्यांसाठी लाकडी पेट्या लावल्या जातायत आणि एप्रिल-मेमधे आफ्रिकेतून आलेले काळेपांढरे पाइड फ्लायकॅचर त्यात अंडी घालतात. तुमच्या बाबांना पक्ष्यांचा नाद असेल तर विषय संपला, पार्कएंड.

ब्लूबेल्ससाठी येणार असाल (एप्रिलचा शेवट ते मेचा मध्य) तरीही डीनच. न्यू फॉरेस्टमधे ब्लूबेल्स आहेत पण बहुतेक कुंपण घातलेल्या भागात, कारण बाहेर चरणारी तोंडं. ऑगस्टमधे येणार असाल तर मात्र न्यू फॉरेस्ट, तेव्हा अख्खा माळ हेदरने जांभळा होतो आणि डीन त्या महिन्यात नुसतं हिरवं असतं, छान पण एकसुरी.

प्राण्यांबद्दल. ब्रॉकनहर्स्टमधे पोनी रस्त्यावर असतात, म्हणजे अक्षरशः दुकानाच्या दारात. ब्रुकली रोडच्या टोकाला ओढा रस्त्यावरून वाहतो, त्याला वॉटरस्प्लॅश म्हणतात, तिथे गाढवं आणि पोनी रेंगाळत असतात आणि गाड्या मुकाट थांबलेल्या असतात. माझ्या आईला रस्त्यात बसलेल्या गाईचं कौतुक शून्य होतं (“हे बघायला इतक्या लांब आणलंस होय”) पण पोनीचं पिल्लू दिसल्यावर अर्धा तास हलली नाही. हे पोनी जंगली नाहीत हे लक्षात ठेवा, प्रत्येकाला मालक आहे. ज्यांच्या घराला किंवा जमिनीला चराईचा जुना हक्क लागू आहे त्यांना कॉमनर म्हणतात, ते वर्षाची फी भरतात, आणि फी भरली हे कळावं म्हणून पोनीच्या शेपटीचे केस ठरावीक तऱ्हेने कापतात, त्या कापावरून तो कुठल्या अजिस्टरच्या हद्दीतला ते ओळखता येतं. अजिस्टर म्हणजे या जनावरांवर देखरेख ठेवणारा माणूस, आणि त्यांच्यावर वर्डरर्सचं, म्हणजे रानाचे नियम सांभाळणाऱ्यांचं कोर्ट, ते जवळच्या लिंडहर्स्ट गावात आजही भरतं. 2023 पासून पोनींना खायला घालणं आणि हात लावणं दोन्हीला बंदी आहे, दंड होऊ शकतो, तेव्हा पर्समधली बिस्किटं पर्समधेच राहू देत. आणि रात्री गाडी चालवत असाल तर कुंपण नसलेल्या रस्त्यांवर लिमिट ताशी चाळीस मैलांची आहे, ती पाळाच, काळा पोनी अंधारात अजिबात दिसत नाही आणि दरवर्षी बरीच जनावरं गाडीखाली मरतात.

शरद ऋतूत न्यू फॉरेस्टमधे डुकरं सोडतात, किमान साठ दिवस. ओकची हिरवी फळं पोनी-गाईंना विषारी, डुकरांना मेजवानी, त्यामुळे डुकरं ती खाऊन रान साफ करतात. त्यांच्या नाकात कडी असते म्हणजे जमीन उकरता येऊ नये. आता डीनमधे या: तिथे रानडुकरं आहेत, खरीखुरी, मालक नाही, कडी नाही. साधारण 1999 पासून पळालेल्या आणि 2004 मधे स्टॉन्टनजवळ कुणीतरी सोडून दिलेल्या जनावरांची ही प्रजा. दिवसा दिसणं अवघड, पण रात्री काय करून गेली ते सकाळी दिसतं. रस्त्याकडेचं गवत चटई गुंडाळावी तसं उलथवलेलं, काळी माती वर आलेली, मधेच खुरांचे ठसे. गावकऱ्यांचे यावर दोन तट आहेत आणि पबमधे हा विषय काढलात तर संध्याकाळ निघून जाते. कुत्रा बरोबर असेल तर वसंतात, पिल्लांच्या दिवसांत, पट्टा सोडू नका.

गाव म्हणून बघायचं तर खरं सांगू का, ब्रॉकनहर्स्ट जरा श्रीमंत आणि नटलेलं वाटतं. कॅफे, डेली, सायकल भाड्याने, सगळं चालत जायच्या अंतरावर, चहा-केक चांगला, भाव मात्र तसेच. पार्कएंड म्हणजे क्रिकेटचं मैदान, दोन-तीन पब, चर्च, संपलं. इथे पूर्वी लोखंडाची भट्टी आणि कोळशाच्या खाणी होत्या, त्या भट्टीला पाणी मिळावं म्हणून बांधलेले कॅनॉपचे तलाव आता बदकांचे झालेत, आणि खाणींच्या जुन्या रेल्वेमार्गांवर सायकल ट्रॅक झालाय, सपाट, मुलांना घेऊन जायला उत्तम. डीनमधला खाणीचा जुना हक्क न्यू फॉरेस्टमधल्या चराईच्या हक्कासारखा घराला चिकटलेला नाही, माणसाला चिकटलेला आहे. सेंट ब्रिआव्हल्स हंड्रेडच्या (इथला जुना प्रशासकीय विभाग) हद्दीत जन्म, वय एकवीसच्या वर आणि खाणीत एक वर्ष आणि एक दिवस काम, एवढं असेल तर तुम्ही फ्रीमायनर, स्वतःची खाण काढू शकता, 1838 च्या कायद्यात हे लिहिलेलं आहे. 2010 मधे पहिल्यांदा एका बाईचं नाव त्या यादीत आलं. आता अडचण अशी की बाळंतपणं हद्दीबाहेर, ग्लॉस्टरच्या हॉस्पिटलात होतात, म्हणजे पुढच्या पिढीत फ्रीमायनर व्हायला माणसं कुठून आणणार. असल्या गोष्टी ऐकायला आवडत असतील तर पार्कएंडच्या पबमधे कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकाशी बोला, ब्रॉकनहर्स्टमधे शेजारच्या टेबलावर बहुतेक वेळा लंडनहून आलेलंच कुणीतरी असतं.

पण ब्रॉकनहर्स्टकडे एक गोष्ट आहे जी पार्कएंडकडे नाही आणि ती आपल्या लोकांनी बघावीच. गावापासून जरा बाजूला उंचवट्यावर सेंट निकोलस चर्च आहे, दारात हजार वर्षांहून जुनं म्हणतात ते यूचं झाड. पहिल्या महायुद्धात इथे जखमी भारतीय सैनिकांसाठी लेडी हार्डिंज हॉस्पिटल होतं, गावातली हॉटेलंही त्यासाठी घेतली होती, त्यातलं बामर लॉन आजही हॉटेल म्हणून चालू आहे. नंतर तिथे न्यूझीलंडचं हॉस्पिटल आलं, म्हणून चर्चच्या आवारात 90 हून जास्त न्यूझीलंडच्या सैनिकांची थडगी आहेत, ओळीने, एकसारखी. आणि तिथेच सुखा नावाच्या माणसाचं थडगं आहे. हा सैनिक नव्हता, हॉस्पिटलातला सफाई कामगार होता, बरेलीकडचा, जानेवारी 1915 मधे न्यूमोनियाने गेला. गोष्ट अशी सांगतात की जातीमुळे हिंदूंनी त्याचं दहन करायला नकार दिला, मुसलमान नाही म्हणून वोकिंगच्या मशिदीने दफन करायला नकार दिला, शेवटी इथल्या व्हिकरने, म्हणजे चर्चच्या पाद्रीने, त्याला आपल्या आवारात जागा दिली आणि गावकऱ्यांनी वर्गणी काढून दगड बसवला. दगडावर बराच मजकूर आहे, तो ख्रिश्चन नव्हता हेही त्यावर स्पष्ट कोरलेलं आहे. माझे बाबा चष्मा पुसून पुसून तो मजकूर दोनदा वाचत होते आणि नंतर गाडीत बसेपर्यंत काही बोलले नाहीत. त्याच आवारात ब्रशर मिल्स म्हणून साप पकडणाऱ्या माणसाचं थडगं आहे, 1905 मधे गेला, त्यावर झोपडी आणि साप कोरलेले आहेत, ते मुलांना दाखवा.

जोडून काय बघता येईल? ब्रॉकनहर्स्टहून ऱ्हाइनफील्ड ड्राइव्हवर 1859 मधे लावलेली अवाढव्य सेक्वोया आणि डग्लस फर आहेत, रस्ता सपाट, आईच्या गुडघ्यांना चालण्यासारखा. बोल्डरवुडला हरणं बघायचा प्लॅटफॉर्म आहे. आणि लिमिंग्टनला छोटी ट्रेन दहा-अकरा मिनिटांत जाते, तिथून फेरीने चाळीस मिनिटांत आइल ऑफ वाइट, म्हणजे रानाच्या ट्रिपमधे समुद्रही उरकतो. पार्कएंडहून सिमंड्स यॅट रॉकवर जाता येतं, तिथून वाय नदीचं ते प्रसिद्ध वळण दिसतं आणि नशीब असेल तर पेरेग्रिन ससाणे, शिवाय नदीपलीकडे वेल्समधे टिंटर्न ॲबीचे अवशेष. देखाव्यात डीन जिंकतं, सोयीत न्यू फॉरेस्ट.

खाण्याचं: शाकाहारी असाल तर ब्रॉकनहर्स्टमधे दोन-तीन दिवस सहज निघतात. पार्कएंडला पबच्या मेन्यूवर एक-दोन पदार्थ असतात आणि तिसऱ्या दिवशी तेच, त्यामुळे किचनवाली कॉटेज घ्या आणि कुकर, पोहे, मेतकूट घेऊन जा. राहण्याचा खर्च डीनकडे कमी पडतो, आणि गाडीने जाणार असल्यामुळे कुकरला जागा निघतेच. मोबाइलला रेंज डीनच्या खोऱ्यांत जाते-येते, नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा.

मी कुणाला काय सांगतो: आई-बाबा सत्तरीच्या पुढचे, चालणं कमी, दोनच रात्री, तर ब्रॉकनहर्स्ट, आणि शक्य असेल तर शनिवार-रविवार सोडून, कारण वीकेंडला लिंडहर्स्टमधे गाड्यांची रांग लागते. बाबा सह्याद्रीत भटकलेले आणि अजून पाय खणखणीत असतील, हातात गाडी असेल, तर पार्कएंड, तीन रात्री तरी. एकाच ट्रिपमधे दोन्ही करू नका, मधे अडीच-तीन तासांचं ड्रायव्हिंग आहे आणि म्हातारी माणसं गाडीतच थकतात. कुठेही गेलात तरी पँट मोज्यात खोचा आणि रात्री पाय, गुडघ्यामागे, कंबर सगळं तपासा, दोन्हीकडे गवतात टिक्स असतात आणि त्यातून लाइम डिसीज होतो, आई कितीही म्हणाली की एवढ्याशा गोचिडीला काय घाबरायचं तरी.