२०९ डॉलर गेले, फाइल माझ्याकडे आधीच होती

मी नवखा नाही, सहा वर्षं मिक्सिंग (गाण्यातल्या वाद्यांचे ट्रॅक जुळवून एक करणं) करतोय. तरी गिटारच्या आवाजाच्या फाइल ऑनलाइन विकणाऱ्या एकाकडून २०९ डॉलरना फसलो. लिहायला लाज वाटते, पण तो माणूस अजून विकतोय.

एन्टूम्ड या स्वीडिश डेथ मेटल बँडच्या १९९० च्या पहिल्या अल्बममधली गिटार ऐकलेल्यांना वेगळं सांगायला नको. स्टॉकहोमचा सनलाइट स्टुडिओ, निर्माता टोमास स्कॉग्सबर्ग, बॉस कंपनीचं एचएम-२ हे गिटारचा आवाज खरखरीत करणारं पेडल आणि त्याचे चारही नॉब शेवटपर्यंत फिरवलेले. करवतीसारखा तो आवाज आमच्या गाण्यांत आणायला मी तीन महिने झटत होतो. गिटार एकटी वाजली की दणदणीत. ड्रम्स-बेस आले की माशी घोंघावल्यासारखी. अशात जाहिरात दिसली: 'त्याच कॅबिनेटचे ४० इम्पल्स रिस्पॉन्स', म्हणजे गिटारच्या स्पीकर-पेटीच्या आवाजाचा ठसा साठवलेल्या फाइल, सोबत मिक्सचं टेम्प्लेट, म्हणजे तयार मांडणी. १४९ डॉलर. समोर बसून शिकवायचे ६० वेगळे.

डेमोत त्याने 'मी वाजवलेली नुसती गिटार' ऐकवली होती. दुसऱ्या रिफनंतरच्या (रिफ म्हणजे गिटारची पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून) शांततेत झांजेचा सिसकारा होता, ओलसर, पाण्याखालून आल्यासारखा. मी चार वेळा मागे नेऊन ऐकला. गिटार एकट्याने वाजवली तर झांज आली कुठून? तयार गाण्यातून सॉफ्टवेअरने गिटार वेगळी काढली की मागे असाच गाळ उरतो, आणि तो मी ओळखतो! तरी मनाला समजावलं, माइकमध्ये शिरला असेल. गाणी पूर्ण करायची घाई होती, त्याच्याकडे ढीगभर चांगले अभिप्राय होते. कुणीही भरले असते पैसे.

फाइल आल्या. दोन ट्रॅकवर दोन ठेवल्या, लेव्हल जुळवली, एकीचा फेज उलटा केला; फाइल सारख्याच असल्या की आवाज एकमेकांना खोडतात. पूर्ण शांतता. चाळीसही फाइल एकच, फक्त लेव्हल कमी-जास्त. मग माझ्याकडच्या एका फुकट पॅकमधली फाइल लावली. पुन्हा शांतता. ही चाचणी पहिल्याच दिवशी करा, पैसे परत मागायची मुदत असते तोवर. शिकवणीच्या दिवशी तो आलाच नाही, खातं बंद.

पैसे पेमेंट कंपनीच्या 'मित्र-नातेवाईक' पर्यायाने पाठवा, कमिशन वाचेल, असं तो म्हणाला होता. त्या पर्यायाने अनोळखी माणसाला एक पैसाही पाठवू नका.

पेमेंट कंपनी म्हणते, त्या पर्यायाला संरक्षण नाही. बँक म्हणते, व्यवहार तुम्हीच मंजूर केलात. विक्रीच्या साइटने नऊ दिवसांनी कळवलं, 'फाइल पोचल्याची नोंद आहे.' अरे, पोचली नाही असं मी म्हटलंच कुठे? पोचली ती खोटी आहे! दोनदा पुरावे जोडले, दोनदा तेच उत्तर चिकटवून तक्रार बंद केली. पोलीस म्हणाले, "फाइल आली ना? मग फसवणूक कसली?" लॅपटॉप घेऊन गेलो होतो. दोन मिनिटं हेडफोन लावा म्हणालो, कुणी लावला नाही. तक्रारीत 'संगीताची फाइल आवडली नाही' असं लिहून घेतलं.

विकणाऱ्याकडे पेडलच्या आधीची कोरडी गिटार मागा. टाळाटाळ केली की निघा. डेमो तुमच्या मिक्सच्याच लेव्हलवर आणून ऐका, मोठा आवाज नेहमी सरस वाटतो. आणि पेडल बॉसने २०२० मध्ये पुन्हा काढलंय, तेवढ्याने बरंच काम होतं. उरलेला खालच्या सुरांचा भार बेसने उचलायचा असतो, हे मला पैसे गेल्यावर कळलं.

काल नव्या नावाने तीच जाहिरात दिसली. आता १७९ डॉलर. डेमोही तोच. दुसऱ्या रिफनंतर कान द्या, झांज तिथेच आहे.