सोळा वर्षांनी आलेले दोन अल्बम

जुलै २०१५ पासून जगभरातले नवे संगीत शुक्रवारी प्रकाशित होऊ लागले आणि तेव्हापासून माझा आठवडाही शुक्रवारीच सुरू होतो. रॉक आणि रॅप या दोन्हींत नवे काय आले ते पाहायचे, त्यातले एखाददुसरे त्याच दिवशी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचे, भेटेल त्याला त्याबद्दल उत्साहाने सांगायचे आणि पुढच्या शुक्रवारपर्यंत ते बहुतांशी विसरून जायचे, असा हा क्रम आहे. या विसरण्यात माझा दोष किती आणि त्या अल्बमांचा किती, हे ठरवणे अवघड आहे. पण दोन अल्बम असे निघाले की त्यांनी पुढचे कित्येक शुक्रवार नव्याकडे वळूच दिले नाही. पहिला, ‘द क्युअर’ या इंग्लिश रॉक बँडचा ‘साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’; तो १ नोव्हेंबर २०२४ रोजी आला. दुसरा, ‘क्लिप्स’ या अमेरिकी रॅपर भावांच्या जोडीचा ‘लेट गॉड सॉर्ट एम आउट’. तो ११ जुलै २०२५ चा.

या दोघांची नावे एका दमात घेणे विचित्र वाटेल. मात्र क्युअरचा याआधीचा अल्बम २००८ चा होता आणि क्लिप्सचा २००९ चा, म्हणजे दोघेही सुमारे सोळा वर्षांनी परतले. इतक्या अवधीनंतर येणारे कलाकार बहुधा जुन्या पुण्याईवर वेळ मारून नेतात. गाजलेल्या गाण्यांसारखीच चार गाणी नव्या वेष्टनात देतात आणि चाहतेही आठवणींपोटी ती गोड मानून घेतात. इथे तसे झालेले नाही. दोन्ही अल्बमांच्या गाभ्याशी घरातल्या माणसाचे जाणे आहे आणि ही गाणी सोळा वर्षांपूर्वी त्यांना लिहिताच आली नसती, हे ऐकताना सतत जाणवत राहते.

क्युअरचे पहिले गाणे ‘अलोन’ मी प्रथम फोनच्या स्पीकरवर लावले आणि फसलो. एक मिनिट झाले, दोन झाली, तीन झाली, तरी कोणी गायलाच लागेना. चुकून नुसत्या वाद्यांची आवृत्ती लागली की काय, म्हणून मी शीर्षक पुन्हा तपासले. तेवढ्यात बँडचा गायक रॉबर्ट स्मिथ याचा आवाज आला. जवळजवळ सात मिनिटांच्या या गाण्यात गायकाची वाट पाहण्यातच निम्मा वेळ जातो आणि ते मुद्दाम तसे केलेले आहे. संध्याकाळी हेडफोन लावून तेच गाणे पुन्हा ऐकले, तेव्हा त्या तीन मिनिटांत काय चालले आहे ते समजले: ड्रमचा ठोका जड आणि संथ आहे, सायमन गॅलपचा बेस एखादी वजनदार वस्तू फरशीवरून ओढत न्यावी तसा सरकतो आणि त्यावर सिंथेसायझरच्या सुरांचे थरावर थर चढत जातात. आवाज येतो तोवर ऐकणाऱ्याने घाई सोडलेली असते. अल्बम निघाला तेव्हा स्मिथ ६५ वर्षांचा होता. आवाजात ते वय जवळपास कुठेच लागत नाही. ते शब्दांत मात्र पदोपदी भेटते.

या आठ गाण्यांतले सर्वांत साधे गाणे म्हणजे ‘आय कॅन नेव्हर से गुडबाय’, जे स्मिथने थोरल्या भावाच्या मृत्यूवर लिहिले आहे. सुरुवातीला मेघगर्जना ऐकू येते आणि मग पियानोवर मोजक्याच सुरांची एक ओळ सुरू होते, जी पुढे गाणेभर पुन्हा पुन्हा येत राहते. त्या ओळीला नटवण्याचा मोह होणे अगदी स्वाभाविक होते, पण बँडने तो आवरला आहे. दुःखाच्या गाण्यात व्हायोलिनांचा पूर सोडणारे संगीतकार आपण इतके ऐकलेले असतात की हा संयम प्रथम कोरडेपणासारखा भासतो. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला तोच आत उतरतो.

शेवटचे ‘एंडसाँग’ दहा मिनिटांहून मोठे आहे आणि त्यात आवाज यायला सहा मिनिटे लागतात. अंधारात उभा राहून चंद्राकडे पाहणारा एक म्हातारा होत चाललेला माणूस, आपल्यातला तो मुलगा कुठे गेला, असे विचारतो, एवढेच गाण्यात घडते. खरे बोलणे गिटार करते. रीव्ह्ज गॅब्रेल्स हा पूर्वी गायक डेव्हिड बोवीसोबत वाजवणारा गिटारवादक २०१२ मध्ये क्युअरमध्ये आला. स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेला बँडचा त्याच्यासह हा पहिलाच अल्बम आहे आणि त्याची गिटार इथे किंचाळते, कण्हते, पण मिरवत नाही.

दोष आहेत. ‘वॉरसाँग’ आणि ‘ड्रोन:नोड्रोन’ या मधल्या दोन गाण्यांत आवाजांची इतकी दाटी झाली आहे की ड्रमची धार बोथट होते आणि बेस व गिटार एकमेकांत लडबडतात. ‘वॉरसाँग’ तर सुरू होण्याआधीच थकलेले वाटते. तरीही एकंदर बांधणी पक्की आहे. यातली बरीचशी गाणी बँडने २०२२ च्या दौऱ्यापासून रंगमंचावर वाजवली होती. श्रोत्यांसमोर घासूनपुसून झालेल्या गाण्यांचा सराईतपणा ध्वनिमुद्रणात उतरतो, तो असा.

रॉक आणि रॅप एकाच ताटात हवे असणाऱ्यांसाठी मध्येच एक नोंद. ‘लिंकिन पार्क’चा ‘फ्रॉम झीरो’ हा अल्बम १५ नोव्हेंबर २०२४ रोजी, म्हणजे क्युअरनंतर दोनच आठवड्यांनी आला. मूळचा गायक चेस्टर बेनिंग्टन २०१७ मध्ये वारल्यानंतर बँडचा हा पहिला नवा अल्बम. नवी गायिका एमिली आर्मस्ट्राँग हिचा आवाज दमदार आहे आणि ‘द एम्प्टिनेस मशीन’मध्ये तिचा सहगायक माइक शिनोडा याचे पहिले कडवे आणि ध्रुवपद संपल्यावर ती ज्या क्षणी शिरते, तो क्षण खरोखर अंगावर येतो. पण जेमतेम अर्ध्या तासाचा हा अल्बम आपण पूर्वीसारखेच आहोत हे पटवून देण्यात इतका गुंतलेला आहे की त्याला दुसरे काही सांगायला सवडच होत नाही. एकदा जरूर ऐकावा, पण मी पुन्हा पुन्हा त्याच्याकडे गेलो नाही.

क्लिप्सकडे मात्र सारखा जात राहिलो. पुशा टी आणि मॅलिस हे व्हर्जिनियातले सख्खे भाऊ, त्यातला मॅलिस थोरला. २००९ नंतर धाकटा एकट्याने नाव कमावत राहिला. थोरला धर्माकडे वळला आणि त्याने आपले नाव बदलून ‘नो मॅलिस’ असे केले. आता तो जुन्या नावाने परतला आहे. निर्मिती पूर्णपणे फॅरेल विल्यम्सची, आणि ध्वनिमुद्रण पॅरिसमध्ये, तो जिथे पुरुषांच्या पोशाखांचा प्रमुख रचनाकार आहे त्या लुई व्हिताँच्या मुख्यालयात झाले. पाहुणा रॅपर केंड्रिक लमार याच्या कडव्यावर आधीच्या रेकॉर्ड कंपनीने आक्षेप घेतला, तेव्हा या दोघांनी कडवे सोडण्याऐवजी कंपनी सोडली, असे त्यांनीच मुलाखतींत सांगितले आहे. ज्या ‘चेन्स अँड व्हिप्स’साठी हा खटाटोप झाला, त्यात गिटारचा खरखरीत फटकारा आहे आणि रॉक ऐकणाऱ्याने रॅपच्या या दारातून आत यायला हरकत नाही.

बीट, म्हणजे शब्दांखालचे संगीत, म्हणून मला सर्वांत आवडले ते ‘सो बी इट’. सौदी गायक तलाल मद्दाह याच्या एका जुन्या गाण्यातला तंतुवाद्यांचा तुकडा उचलून फॅरेलने त्याचा असा काही फास विणला आहे की तो सैल होण्याची वाट पाहतच गाणे संपते. दोघे भाऊ त्यावर अजिबात आवाज न चढवता बोलतात. हल्लीच्या पुष्कळ रॅपमध्ये शब्द गिळून सूर लांबवण्याची पद्धत पडली आहे. इथे प्रत्येक व्यंजन ऐकू येते, यमक ओळीच्या टोकाला न थांबता मध्येच दोनदा जुळून जाते आणि श्लेष कळेपर्यंत पुढचा येऊन ठेपतो.

नापसंतीचाही हिशेब मांडला पाहिजे. अमली पदार्थांच्या धंद्याची बढाई हा या जोडीचा पहिल्यापासूनचा विषय आहे आणि तेरा गाण्यांच्या मध्यावर तो जरा पुरे वाटू लागतो. पन्नाशीच्या आसपास पोचलेल्या माणसांनी तेच ते सांगावे, याचे कौतुक किती करायचे? शिव्या भरपूर आहेत, तेव्हा घरात मोठ्याने लावण्याआधी विचार करावा. शिवाय ‘हे सांस्कृतिकदृष्ट्या अनुचित आहे’ अशा अर्थाचे एक इंग्रजी वाक्य ठरावीक आवाजात गाण्यागाण्यांतून पेरले आहे. पहिल्यांदा हसू येते; नंतर नंतर दारावरच्या विक्रेत्यासारखे ते नकोसे होते.

पण हे सगळे खपून जाते, ते ‘द बर्ड्स डोन्ट सिंग’ या पहिल्या गाण्यामुळे. भावांचे आईवडील काही महिन्यांच्या अंतराने एकापाठोपाठ गेले. धाकटा आईशी बोलतो आणि थोरला वडिलांशी, प्रत्येकी एक कडवे, मध्ये गायक जॉन लेजंडचा आवाज. धाकट्याच्या कडव्यात आई शेवटच्या भेटीत एकेक गोष्ट मार्गी लावत होती, निरवानिरव करत होती, आणि आपण मात्र फोनमध्ये डोके घालून बसलो होतो, अशी कबुली आहे.

क्युअर ऐकताना शब्द समोर नसले तरी चालते. अंधार आणि बरे हेडफोन एवढे पुरते. क्लिप्सचे तसे नाही, निदान हे गाणे तरी शब्द डोळ्यांसमोर ठेवूनच ऐकावे. थोरल्याच्या कडव्यात वडिलांची गाडी दारात उभी असते, म्हणजे ते घरी असणार हे त्याला ठाऊक असते. तो दार ठोठावतो, आणि तिसऱ्यांदा ठोठावतानाच त्याच्या अंगावर काटा येतो. त्याच वडिलांनी त्याला पुन्हा रॅप करायला आशीर्वाद दिला होता, हेही तो सांगतो. ती तिसरी टकटक मला चौथ्या खेपेला ऐकू आली. आधीच्या तिन्ही वेळा मी नुसता ठेक्यावर मान डोलावत होतो.