जेलातली माफी (सजेतली सूट) मिळवून देतो म्हणून एक माणूस 40 हजार घेऊन गेला, सावध राहा

दादाला 7 वर्षांची सजा लागली, शेताच्या धुऱ्यावरचं भांडण कलम 307, म्हणजे खुनाच्या प्रयत्नापर्यंत गेलं, ते जाऊ द्या. अमरावतीच्या जेलात आहे. मुलाकातीसाठी मी आन् वहिनी दर्यापूरहून सकाळची एसटी पकडतो, तिथंच बाहेर चहाच्या टपरीवर हा माणूस भेटला. 2022 च्या दिवाळीनंतरची गोष्ट. पांढरा इस्त्रीचा शर्ट, बगलेत फाईल, म्हणे चांगल्या वर्तणुकीचं सर्टिफिकेट काढून 26 जानेवारीला सुटणाऱ्यांच्या यादीत नाव टाकतो. तेव्हा स्वातंत्र्याच्या अमृत महोत्सवाची स्पेशल माफी खरंच चालू होती, 15 ऑगस्टला कैदी सुटले होते, म्हणून तर खरं वाटलं ना.

सोयाबीन नुकतंच विकलं होतं. 40 हजार नगद दिले, पावती मागायची अक्कल सुचली नाही. आठ दिवसांनी त्यानं कागद आणून दिला, जांभळा गोल शिक्का, आन् शिक्क्यात कारागृह चं "कारागुह" लिहिलेलं, हे मला दिसलं पण तीन महिन्यांनी!

पुढच्या मुलाकातीत दादाला सांगितलं तर तो कपाळाला हात लावून बसला. म्हणे अरे येड्या, माझी माफी तर हिस्ट्री टिकटावर (जेलातल्या माझ्या नोंदीच्या कागदावर) चढतेच, नियमानं राहिलं, दिलेलं काम केलं की दिवस जमा होतात, त्याले पैसे कायले लागते? भांडण केलं की नाहीतर फर्लोवरून (जेलातून मिळणाऱ्या सुट्टीवरून) उशिरा आलं की ते कटतात. आन् ती स्पेशल माफी दादासारख्याला दोन तृतीयांश सजा भोगल्यावर होती, त्याची अर्धीही झाली नव्हती.

नंतर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात गेलो, तिथं वकील फुकट मिळतो, कैद्याचा तो हक्कच आहे, हे कोणी आधी सांगितलंच नाही. वकिलानं सांगितलं की फाशी होऊ शकते अशा गुन्ह्यात, म्हणजे खुनासारख्यात (तेव्हाचं कलम 302), जन्मठेप असली तर माफी कितीही जमू द्या, 14 वर्षं आत काढावीच लागतात. आमच्या त्या माणसानं टपरीवर एका म्हातारीला तिचा जन्मठेपेचा पोरगा 10 वर्षांत सोडवतो म्हटलं होतं, तिचं काय झालं असेल देव जाणे.

त्याचा फोन बंद आहे. ठाण्यात तक्रार दिली, पुरावा म्हणून तोच कागद. दादाला मात्र आम्ही 5 हजारच गेले म्हणून सांगितलं, खरा आकडा ऐकून तो आत कोणावर भडकला तर जमा झालेले दिवसही जायचे.