जुन्या डेस्कटॉपचा राउटर: काही महिने वापरल्यानंतर

कुणाचा भ्रमनिरास व्हायला नको म्हणून आधीच सांगतो. पडून असलेल्या कॉम्प्युटरचा राउटर केल्याने इंटरनेटचा वेग वाढत नाही. लाइन जेवढ्याची घेतली आहे तेवढीच राहते. फरक पडतो तो दोन ठिकाणी: लाइनवर ताण आला तरी ती गुदमरत नाही, आणि घरातलं कुठलं यंत्र बाहेर कुणाशी बोलतंय ते दिसायला लागतं. एवढ्यासाठी हा उपद्व्याप करण्यासारखा आहे असं माझं मत, फक्त विजेचा हिशेब आधी मांडायचा.

माझ्याकडे चार कोरचा जुना डेस्कटॉप होता, ८ जीबी रॅम आणि एक छोटी एसएसडी. त्यावर ओपीएनसेन्स टाकलं. हे २०१५ मध्ये पीएफसेन्स या तशाच सॉफ्टवेअरपासून वेगळं झालेलं, फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारं फुकट फायरवॉल, म्हणजे नेटवर्कची ये-जा तपासणारा पहारेकरी. ओपनडब्ल्यूआरटी हे राउटर सॉफ्टवेअरही पीसीवर छान चालतं, आणि मशीन अगदीच अशक्त असेल तर तेच बरं. मला नियम, लॉग, आलेख सगळं एका वेब पानावर हवं होतं, म्हणून हे.

प्रोसेसरची चिंता करू नका, नेटवर्क कार्डाची करा. डेस्कटॉपला बहुधा एकच लॅन पोर्ट असतो आणि राउटरला दोन लागतात, एक बाहेरच्या लाइनसाठी आणि एक घरासाठी. इथे यूएसबीचा अडॅप्टर लावायचा मोह होतो. तो चालतोही, पण लोड आला की मध्येच गायब होणारं उपकरण घराच्या वेशीवर बसवण्यात शहाणपणा नाही. सर्व्हरमधून निघालेलं दोन पोर्टचं इंटेलचं कार्ड स्लॉटमध्ये बसवलं आणि विषय संपला. रिअलटेकच्या चिपवर फ्रीबीएसडीची आणि लोकांची जुनी कुरबूर आहे. त्यासाठी वेगळं ड्रायव्हर प्लगइन मिळतं, पण पर्याय असेल तर इंटेलच घ्या.

तुमचं कनेक्शन युजरनेम-पासवर्डचं, म्हणजे पीपीपीओई असेल, तर आणखी एक गोष्ट. मोडेम ब्रिज मोडमध्ये टाकून (म्हणजे त्याने राउटरचं काम न करता लाइन नुसती पुढे द्यायची) लॉगिन आपल्या मशीनवर घ्यावं, नाहीतर दुहेरी नॅट, म्हणजे आयपी पत्त्यांची दोनदा अदलाबदल, गळ्यात पडतं. फ्रीबीएसडीवर पीपीपीओईचा येणारा सगळा ट्रॅफिक बहुतेक वेळा एकाच कोरवर येऊन पडतो. म्हणजे कोर किती यापेक्षा एक कोर किती दमदार हे महत्त्वाचं. गिगाबिटची लाइन आणि दहा वर्षांपूर्वीचा मंद प्रोसेसर ही जोडी जमणार नाही. शिवाय पीपीपीओईचं हेडर ८ बाइट खातं, त्यामुळे एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार, १५०० ऐवजी १४९२ राहतो. काही साइट झटकन उघडतात आणि काही नुसत्या फिरत राहतात असं दिसलं, तर आधी एमटीयू आणि एमएसएस (पॅकेटातल्या निव्वळ डेटाची मर्यादा) तपासा.

वायफाय या मशीनवरून देण्याच्या भानगडीत पडलो नाही. फ्रीबीएसडीची ती बाजू लंगडी आहे. जुना वायफाय राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट (नुसतं वायफाय देणारा डबा) करून टाकला: त्याचं डीएचसीपी, म्हणजे यंत्रांना आयपी वाटायची सोय, बंद, त्याचा आयपी घरच्याच रेंजमधला पण मोकळा, आणि केबल त्याच्या वॅन (बाहेरच्या लाइनच्या) पोर्टात नाही तर लॅन पोर्टात. झालं.

आता ज्या एका गोष्टीसाठी मी हे सगळं पुन्हा करीन ती सांगतो. फोनमधले फोटो क्लाउडवर चढायला लागले की घरातल्या व्हिडिओ कॉलचे तुकडे पडायचे. पिंग, म्हणजे पॅकेट जाऊन परत यायचा वेळ, एरवी वीसेक मिलिसेकंद, अपलोड सुरू झालं की चारशेच्या पुढे. याला बफरब्लोट म्हणतात. मोडेमच्या पोटात पॅकेटांची रांग साचते आणि आवाजाचं चिमुकलं पॅकेट फोटोंच्या गठ्ठ्यामागे ताटकळत उभं राहतं. उपाय असा की रांग मोडेममध्ये लागूच द्यायची नाही, ती आपल्या मशीनवर लावायची, जिथे तिला शिस्त लावता येते. ओपीएनसेन्सच्या शेपरमध्ये (वेगाला लगाम घालणाऱ्या भागात) डाउनलोड आणि अपलोडसाठी वेगवेगळा पाइप केला, मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास ठेवली आणि शेड्यूलर, म्हणजे रांगेचा क्रम ठरवणारी पद्धत, एफक्यू-कोडेल निवडला. आता अपलोड कितीही चालू असो, पिंग तीस-पस्तीसच्या वर क्वचित जातं. मोजून थोडा वेग आपण सोडून देतो. वेगचाचणीचा आकडा पाहून खूश होणाऱ्यांना ते जिवावर येईल, मला नाही आलं.

दुसरं सुख लॉगचं. फायरवॉलचा लाइव्ह लॉग उघडला की ओळी सरकत राहतात, हिरव्या आणि लाल. घरातला टीव्ही कुणी बघत नसतानाही बोलत असतो. मी अनबाउंडवर, म्हणजे मशीनवरच्या डीएनएस सर्व्हरवर (साइटच्या नावावरून तिचा आयपी सांगणारा), जाहिराती आणि ट्रॅकर अडवणारी यादी लावली होती, तर हा पठ्ठ्या माझ्या डीएनएसला विचारतच नव्हता, थेट ८.८.८.८ कडे, म्हणजे गूगलच्या डीएनएसकडे, जात होता. मग लॅनवर नॅटचा एक नियम घातला: पोर्ट ५३ वर (साध्या डीएनएसचा) बाहेर जाणारी प्रत्येक विचारणा वळवून अनबाउंडकडेच आणायची. पोर्ट ८५३ (एन्क्रिप्टेड डीएनएसचा) बंद. टीव्ही सरळ झाला. मात्र ब्राउझर एचटीटीपीएसच्या आतून डीएनएस विचारायला लागला की ही युक्ती संपते, कारण तो पोर्ट ४४३ वरच्या इतर ट्रॅफिकसारखाच दिसतो.

टीव्ही, कॅमेरा, बल्ब असली मंडळी मी वेगळ्या व्हीलॅनवर, म्हणजे त्याच तारांवरच्या वेगळ्या आभासी नेटवर्कवर, हलवली. त्यासाठी मॅनेज्ड स्विच आणि व्हीलॅन समजणारा अ‍ॅक्सेस पॉइंट लागतो. नव्या इंटरफेसवर एकही नियम नसतो आणि नियम नाही म्हणजे सगळं बंद, त्यामुळे सुरुवातीला तिथे काहीच चालत नाही. ते बरोबरच आहे. नियम वरून खाली वाचले जातात आणि पहिला जुळला तो लागू होतो. म्हणून क्रम असा: आधी फायरवॉलच्या डीएनएसला परवानगी, मग घरातल्या खासगी रेंजला मनाई, आणि शेवटी बाकी सगळ्याला वाट मोकळी.

सुरिकाटाही लावून पाहिलं, घुसखोरी ओळखणारं. काढून टाकलं. बहुतेक ट्रॅफिक एन्क्रिप्टेड असतो, त्यामुळे त्याला आत फारसं दिसत नाही. रॅम मात्र खातं आणि खोट्या इशाऱ्यांनी डोकं उठवतं. ज्याच्या घरात बाहेरून पोहोचता येणारा सर्व्हर नाही त्याने यात पडू नये.

बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये यायला वायरगार्ड हे व्हीपीएन आहे आणि ते निव्वळ उत्तम आहे. पण आधी वॅनचा आयपी पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यात सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे कंपनी एकच बाहेरचा आयपी अनेक ग्राहकांत वाटते. बाहेरून आयपीव्ही४ वर दार ठोठावता येणार नाही, आयपीव्ही६ मिळत असेल तरच वाट आहे.

त्रास? अपडेट. मोठी आवृत्ती वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, आणि मध्ये छोटी छोटी येत राहतात. काहींना रीबूट लागतं आणि तेवढा वेळ घरभर ‘नेट गेलं का?’ चालू होतं. अपडेटचं बटण सगळे झोपल्यावरच दाबावं. बायोसमध्ये वीज परत आल्यावर मशीन आपोआप सुरू होण्याची सोय आहे ती चालू करा, नाहीतर वीज गेल्यावर घरी कुणीतरी बटण दाबेपर्यंत सगळे ऑफलाइन. घरातल्या आणखी एकाला हे मशीन कसं बंद-चालू करायचं ते शिकवून ठेवा.

राहिली वीज. ४० वॉट खाणारा डेस्कटॉप चोवीस तास, वर्षभर चालला तर साधारण ३५० युनिट होतात. साधा घरगुती राउटर बहुधा १० वॉटच्या आसपास असतो. हा फरक बिलात दिसतो. ग्राफिक्स कार्ड काढलं, हार्ड डिस्क काढली, पॉवरडी (काम नसताना प्रोसेसरचा वेग उतरवणारं) चालू केलं, तरी जुना डेस्कटॉप तो जुना डेस्कटॉपच. म्हणून पुढे कमी वॉटचा, पंखा नसलेला, इंटेलच्या चार पोर्टांचा मिनी पीसी घ्यायचा विचार आहे. सगळं सेटिंग एका एक्सएमएल फाइलमध्ये मावतं, तिची प्रत मी काढून ठेवलीय. नव्या मशीनवर पोर्टांची नावं बदलतील, तेवढी जुळवून द्यावी लागतील.