जबर चावणाऱ्या कुत्र्यासाठी खेळणं: रबर, नायलॉन, छुर्पी की हाड?

'न तुटणारं काहीतरी द्या' म्हटलं की पेट शॉपवाला दुकानातली सगळ्यांत कडक वस्तू काढून समोर ठेवतो. नायलॉनचं हाडूक, म्हशीचं शिंग, याकच्या दुधाची कांडी, म्हणजे छुर्पी. या वस्तू टिकतात, त्यात वाद नाही. पण कुत्रा दाढेखाली धरून पूर्ण जोर लावतो तेव्हा दोघांतलं एक काहीतरी हटणार असतं. खेळणं हटत नसेल तर पाळी दाताची येते. त्यामुळे खाली तुलना करताना मी फक्त 'किती दिवस पुरतं' एवढंच पाहिलेलं नाही. तुटलं तर नेमकं काय तुटतं आणि तो तुकडा पोटात गेला तर पुढे काय, याला मी जास्त महत्त्व दिलं आहे.

आधी दाताचं बघू. पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला ४२ दात असतात. कडक वस्तू तो पुढच्या दातांनी धरत नाही, गालाच्या बाजूला सरकवतो. तिथे वरच्या जबड्यात चौथी उपदाढ असते आणि ती खालच्या दाढेवर कात्रीच्या पात्यासारखी बसते. फार कडक काही चावताना हिच्याच बाहेरच्या बाजूचा टवका उडतो. टवका खोलवर गेला तर आतली नस उघडी पडते, आणि मग रूट कॅनॉल किंवा दाढ काढणं एवढेच मार्ग उरतात. या दाढेला तीन मुळं असतात, म्हणजे काढायची तरी पूर्ण भूल आलीच. कुत्री दातदुखी दाखवत नाहीत. जेवण चालू असतं, शेपूट हलत असते, आणि घरच्यांना कळतं ते डोळ्याखाली सूज आल्यावर.

प्राण्यांच्या दातांचे डॉक्टर यासाठी एक साधी परीक्षा सांगतात: अंगठ्याचं नख खेळण्यात दाबून बघा. थोडीशी खूण पडली, पृष्ठभाग जरा दबला, तर ठीक. दगडासारखं लागलं तर नको. दुसरी परीक्षा गुडघ्याची. ती वस्तू आपल्याच गुडघ्याच्या वाटीवर आपटली तर कळवळू का? कळवळणार असाल तर ती कुत्र्याच्या दाढेलाही नको. या दोन परीक्षा लावल्या की दुकानातलं अर्धं 'हेवी च्युअर', म्हणजे जबर चावणाऱ्यांसाठीचं, शेल्फ तिथेच बाद होतं.

कुत्रा चावतो कसा?

जातीवरून खेळणं निवडू नका. रॉटवायलर आहे म्हणून सर्वांत चिवट काळं रबर, बीगल आहे म्हणून नेहमीचं लाल, असा हिशेब बरेचदा फसतो. दहा मिनिटं कुत्र्यासमोर बसा आणि बघा. काही कुत्री एकाच जागी तासन्‌तास कुरतडतात आणि कण कण झिजवतात. काहींना फाडण्यातच गंमत असते. उशीतला कापूस खोलीभर पसरला की त्यांचा खेळ संपतो, खायचं काहीच नसतं. तिसरे गिळणारे. तुकडा सुटला रे सुटला की आत. बऱ्याच लॅब्राडॉरांचा कल याच बाजूला असतो, आणि आपल्याकडे घरोघरी लॅबच दिसतात. तिन्ही प्रकारांना 'पॉवर च्युअर' हेच नाव चिकटवलं जातं, पण त्यांना लागणाऱ्या वस्तू पार वेगळ्या आहेत.

रबर

एकच वस्तू घ्यायची असेल तर माझं मत पोकळ, जाड रबराच्या खेळण्याला. यात सगळ्यांत ओळखीचं नाव काँग या ब्रँडचं. १९७० च्या दशकात अमेरिकेत कोलोराडोतल्या जो मार्कहम यांचा फ्रिट्झ नावाचा जर्मन शेफर्ड दगड चावून दात झिजवत होता. फोक्सवॅगन बसच्या सस्पेन्शनमधला एक रबरी भाग त्याच्या तोंडी लागला आणि तो दगड विसरला. काँगचा तीन फुगवट्यांचा आकार त्यातूनच आला. तो जमिनीवर पडला की कुठे उसळेल सांगता येत नाही, हा फायदा आयताच मिळाला.

काँगचा रंग म्हणजे कडकपणा, हे दुकानात कुणी सांगत नाही. फिकट गुलाबी किंवा निळा पिल्लांसाठी, जांभळा म्हाताऱ्या कुत्र्यांसाठी, लाल नेहमीचा आणि काळा सर्वांत चिवट. कुरतडणाऱ्याला लाल पुरतो. लाल काँगच्या तोंडाकडच्या कडेचे लचके निघत असतील तर काळ्यावर जा. काळाही नखाने दबतो, म्हणजे दाताच्या परीक्षेत तो पास आहे. साइजमध्ये मात्र काटकसर करू नका. कंपनीच्या मापात लार्ज साधारण १३ ते ३० किलोच्या कुत्र्याला आणि एक्स्ट्रा लार्ज २७ ते ४१ किलोच्या कुत्र्याला. आपल्याकडची बरीच लॅब तिशीच्या आसपास किंवा पुढे असतात. दोन मापांच्या मधे अडकलात तर मोठं घ्या. मोठं खेळणं दाढेखाली नीट जात नाही, त्यामुळे टिकतंही जास्त आणि घशात जायची भीतीही कमी.

त्याच्या समोर ठेवता येईल ते वेस्ट पॉ. ही कंपनी मोंटानातल्या बोझमनची. तिचं झोगोफ्लेक्स नावाचं मटेरियल पाण्यावर तरंगतं आणि कंपनी ते परत घेऊन पुन्हा वापरते. चावल्यावर ते ताणलं जातं आणि मूळ आकारात परत येतं. टक्स आणि टॉपल ही खाऊ भरायची मॉडेल्स, हर्ली हे हाडकासारखं. नुसतं चावायला हर्ली काँगपेक्षा बरं वाटतं, कारण दोन्ही पंजांत धरता येतं. टॉपलचं तोंड रुंद, त्यामुळे भरायला आणि धुवायला सोपं, पण तीच रुंद कड फाडणाऱ्या कुत्र्याच्या दाताला सापडते. म्हणून टॉपल म्हणजे जेवणाचं भांडं समजा, दिलं की रिकामं झाल्यावर उचला.

गफनट्स या ब्रँडची कल्पना मला या सगळ्यांत हुशार वाटते. जाड रबरी कडं, आणि त्याच्या पोटात लाल थर. लाल दिसला की खेळणं काढून घ्यायचं. 'कधी फेकायचं' हा प्रश्न बाकी सगळ्या वस्तूंत मालकाच्या अंदाजावर सोडलेला असतो, इथे खेळणंच सांगतं. अडचण एवढीच की आपल्या गल्लीतल्या पेट शॉपमध्ये ते मिळेलच असं नाही. अमेरिकेहून कुणी येणार असेल तर चॉकलेटांऐवजी हे मागवा. वेस्ट पॉ आणि गफनट्स खराब झालं तर बदलून देण्याची हमी देतात, तिची भारतात बसून फार किंमत धरू नका. टपालखर्चातच ती विरून जाते.

आता पैशांचं. चांगलं रबरी खेळणं शे-दोनशेत येत नाही, आणि लॅबच्या मापाचं काळं काँग घ्यायला गेलं की हात आखडतो. पण त्यात रोजचं जेवण भरता येतं, आणि वसुली तिथे होते. भात-दही, उकडलेला लाल भोपळा, रताळं, चिकनचे शिजवलेले तुकडे. मीठ, मसाला, कांदा, मनुका काही नको. रात्री फ्रीजरला टाकून सकाळी ऑफिसला निघताना दिलं की बराच वेळ सोफा वाचतो. नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात तर गोठलेलं काँग हा एक उद्योगच होतो. पीनट बटर भरायचं असेल तर डब्यावरचे घटक वाचा. झायलिटॉल ही साखरेऐवजी वापरली जाणारी वस्तू कुत्र्यांना विषारी आहे.

आणि धुवा. नैसर्गिक रबराला तेल-तूप मानवत नाही, ते फुगतं आणि मऊ पडतं. उन्हात ठेवलं तर चिरा पडतात. पावसाळ्यात आत बुरशी धरते आणि मुंग्यांबद्दल तर बोलायलाच नको. बाटली धुवायचा ब्रश काँगच्या आत बरोबर जातो.

स्वस्त नकला घेताना एक गोष्ट नक्की तपासा: आरपार दोन भोकं आहेत का? एकच भोक असलेल्या पोकळ चेंडूत जीभ गेली की आत निर्वात पोकळी तयार होते आणि जीभ ओढली जाऊन अडकते. अमेरिकेत अशा अपघातांनंतर एक चेंडू बाजारातून परत मागवावा लागला होता.

नायलॉन

नायलाबोन हा ब्रँड १९५५ पासून बाजारात आहे, बेनेबोन त्यामानाने नवा. दोन्हींत नायलॉनमध्ये वास-चव मिसळलेली असते. शांतपणे, कडेकडेने कुरतडणाऱ्या मोठ्या कुत्र्याला एक हाडूक महिनोन्‌महिने पुरतं. पैशांच्या हिशेबात रबराला हरवेल असं हेच. पण नखाची खूण पडत नाही. दाढेखाली धरून कडाकडा फोडायला बघणाऱ्या कुत्र्याला मी हे देणार नाही. चावून टोकं खरखरीत होतात, त्या काट्यांनी हिरड्यांतून थोडं रक्त येऊ शकतं. नायलॉन पचत नाही. तांदळाच्या दाण्याएवढे कण शौचावाटे निघून जातात, मोठा तुकडा जाईलच असं नाही. गिळणाऱ्यासाठी म्हणून नायलॉन बाद.

छुर्पी, शिंग, हाड

छुर्पी नेपाळ, सिक्कीम, दार्जिलिंगकडे माणसंच चघळतात. याकच्या किंवा गाईच्या दुधाचं पनीर दाबून, वाळवून, धुरावून दगड होईपर्यंत कडक केलेलं. कुत्र्यांसाठी तीच 'हिमालयन च्यू' म्हणून वजनावर विकली जाते. पचते, वास मारत नाही, शाकाहारी घरात चालते. आपल्याकडे तिचा खप असण्याचं हे शेवटचं कारण मोठं असावं. नखाच्या परीक्षेत नवी कांडी सपशेल नापास होते, मात्र लाळेने टोक हळूहळू मऊ पडतं. म्हणजे चाटत-चघळत बसणाऱ्याला ठीक, तोडणाऱ्याला नको. शेवटचा अंगठ्याएवढा तुकडा घशात अडकतो, तो काढून घ्या. मायक्रोवेव्हमध्ये काही सेकंद ठेवला तर फुलतो, थंड झाल्यावर देता येतो. ओली कांडी पावसाळ्यात बाहेर ठेवली तर बुरशी ठरलेली.

म्हशीची शिंगं आणि खूर स्वस्त, घाणेरडे आणि दाढेचे वैरी. हरणाच्या शिंगांचं तर आपल्याकडे वेगळंच. परदेशी व्हिडिओंत ती सर्रास दिसतात, पण चितळ-सांबराचं शिंग बाळगणं किंवा विकणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अडकवतं. रानात गळून पडलेलं सापडलं तरी घरी आणू नका.

रविवारी मटणाची नळी कुत्र्याला टाकायची आपली जुनी पद्धत. शिजलेलं हाड ठिसूळ होतं, टोकदार फुटतं, आणि त्यातून आतड्याला इजा होऊ शकते. कच्ची नळी इतकी उभी फुटत नाही, पण ती दात फुटण्याइतकी कडक असते, आणि तिचं कापलेलं गोल कडं खालच्या जबड्यात सुळ्यांमागे अडकून बसतं. कापून काढायला पशुवैद्यांकडे पळावं लागतं. हाडाचा जास्त चुरा पोटात गेला तर दुसऱ्या दिवशी खडूसारखी पांढरी शी आणि कुंथणं. पांढरी गाठ मारलेली चामड्याची हाडकं, म्हणजे रॉहाइड, कडकपणाच्या बाबतीत बरी, पण ओली झाली की चिवट लगदा होतो आणि गिळणारे तो अख्खा ओढतात. रॉहाइडच्या बाजूने बोलावं असं मला काही सापडलं नाही.

दोरी, कापड, चेंडू

टिकण्यासाठी यातलं काहीच नाही. सुती दोरी ओढाओढीला छान, पण खेळ संपला की कपाटात. गिळलेले धागे आतड्यात एका टोकाला अडकतात, बाकी आतडं त्यावर चुण्या पडल्यासारखं गोळा होतं आणि दोरा आतून कापत जातो. शस्त्रक्रियेशिवाय सुटका क्वचितच. टेनिस बॉलवरच्या लोकरी आवरणात माती बसली की तो दातांना पॉलिश पेपर होतो, शिवाय लॅबच्या घशात तो सहज जातो. फेकायलाच हवा असेल तर गुळगुळीत रबराचा, तोंडापेक्षा मोठा चेंडू घ्या. जुनी चप्पल देणाऱ्यांना एवढंच विचारतो: नव्या कोल्हापुरीतला फरक त्याला कोण समजावणार? जुन्या टायरच्या तुकड्यात पोलादी तारा असतात, तोही नको.

फाडणाऱ्या कुत्र्याला टिकाऊ खेळणं घेऊन देणं हाच मुळात उलटा उपाय आहे. त्याला फाडायचं आहे, तर फाडू द्या. पार्सलचे पुठ्ठ्याचे खोके, टेप आणि पिना काढून, आत चार दाणे जेवणाचे टाकून. पुठ्ठा खात नसेल आणि नुसता फाडत असेल तर याहून स्वस्त काही नाही. कोकणात शहाळ्याचं सोडण, म्हणजे बाहेरचं जाड साल, दिलं जातं, तिथे मात्र काथ्या गिळत नाही ना यावर डोळा हवा.

मग घ्यायचं काय?

कुरतडणारा असेल तर लाल काँग रोजच्या जेवणाला आणि सोबत एक नायलॉन, दात शाबूत आहेत अशी डॉक्टरांकडून खात्री करून. गिळणारा असेल तर एक माप मोठं काळं काँग किंवा हर्ली, बाकी काहीही नाही, आणि एकटं सोडताना तेवढंच. फाडणाऱ्याला पुठ्ठा, आणि पुठ्ठ्याने भागत नाही असं दिसलं तरच रबर. पिल्लू असेल तर थांबा: साधारण तीन ते सात महिन्यांत दुधाचे २८ दात पडून नवे येतात, तोवर कडक काहीच नको. पिल्लाचं मऊ काँग किंवा ओला करून, पिळून, गोठवलेला जाड पंचा तुमच्या देखरेखीत दिला तर हिरड्यांना थंडावा मिळतो.

कुठलंही खेळणं आणलं तरी दर आठवड्याला हातात घेऊन बघा. लचका निघालेला आहे आणि तो तुकडा घरात सापडत नाही, असं झालं तर दोन-तीन दिवस लक्ष ठेवा. वारंवार उलटी, जेवण नाकारणं, शी बंद होणं, पोटाला हात लावू न देणं यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्या, आणि जाताना उरलेलं खेळणं सोबत घ्या. रबर आणि कापड एक्स-रेत बरेचदा स्पष्ट दिसत नाही. काय गिळलंय आणि केवढं, हे डॉक्टरांना त्या उरलेल्या भागावरून ताडता येतं.