आईस हॉकीपटू ते प्राध्यापक: ज्युनियर लीग की विद्यापीठ?
कॅनडातील होतकरू आईस हॉकीपटूसमोर सतराव्या-अठराव्या वर्षी दोन वाटा असतात: कॅनेडियन हॉकी लीगचे ज्युनियर (कुमारवयीन खेळाडूंचे) संघ किंवा अमेरिकेतील विद्यापीठीय हॉकी. ज्युनियर लीगमध्ये हंगामाला साठ-सत्तर सामने आणि बसने लांबचे प्रवास असल्याने खेळ लवकर तयार होतो. तेथे खेळलेल्या प्रत्येक हंगामामागे एका वर्षाच्या शिक्षणाची शिष्यवृत्ती मिळते खरी. परंतु अभ्यास पुढे ढकलला जातो, आणि पुढे ढकललेला अभ्यास किती जणांच्या हातून पुरा होतो, याविषयी मी साशंक आहे.

विद्यापीठात सामने त्या मानाने कमी आणि बहुतेक शुक्रवार-शनिवारी असल्याने आठवडा वर्गासाठी मोकळा राहतो. गोलरक्षक केन ड्रायडन यांनी १९६४ मध्ये व्यावसायिक संघाने निवडल्यानंतरही कॉर्नेल विद्यापीठ पसंत केले आणि १९६९ मध्ये इतिहासाची पदवी घेतली. माँट्रियल कॅनेडियन्स या व्यावसायिक संघाकडून खेळत असतानाच मॅकगिल विद्यापीठातून ते कायद्याचे पदवीधर झाले. १९७३-७४ च्या हंगामात, मानधनाचा वाद चिघळल्यावर, ते सरळ टोरांटोतील वकिलांच्या कार्यालयात उमेदवारीला बसले. हाती पदवी नसती तर एवढा ताठपणा परवडला असता का? परतल्यावर त्यांनी संघासह स्टॅन्ली चषक, म्हणजे तिथल्या व्यावसायिक हॉकीचे विजेतेपद, आणखी चार वेळा जिंकला, १९७९ मध्ये निवृत्ती घेतली आणि पुढे मॅकगिलमध्येच अध्यापनही केले. अध्यापनाकडे ओढा असणाऱ्याने विद्यापीठच निवडावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पूर्वी ज्युनियर लीगमध्ये खेळलेल्यास अमेरिकी विद्यापीठीय हॉकीचे दार बंद होई. २०२५ पासून ते उघडले आहे.