महिला कारागृहात शिवणकाम की पापड?

पक्क्या (शिक्षा झालेल्या) कैद्यांना शिवणकाम द्यावं. मशीनवर सरळ शिलाई जमली की काज-बटण, मग कॉलर. कॉलर नीट बसेपर्यंत महिने जातात, आणि तेवढा वेळ त्यांच्याकडे असतो. सुती कापडाला १४ नंबरची सुई, ड्रिलच्या जाड कापडाला १६. इथे चूक झाली की टाके सुटतात, सुई मोडते. कामाची पाळी संपताना कात्र्या-सुया मोजून घ्यायच्या, मोडलेल्या सुईचे तुकडेसुद्धा. मोजणी जुळली नाही तर सगळ्याजणी खोळंबतात.

कच्च्या (खटला चालू असलेल्या) कैद्यांचं वेगळं. जामीन कधी होईल सांगता येत नाही, कामाची सक्तीही करता येत नाही. त्यांना पापड बरे: लाटणं बहुतेकींना येतंच. घोळ होतो तो वाळवणात. पावसाळ्यात ओलसर राहिले की बुरशी धरते, कडक उन्हात जास्त ठेवले की वाकून तडकतात. आणि लेकुरवाळीला (सहा वर्षांपर्यंतचं मूल आईजवळ राहू शकतं) पोळपाट सोडून उठता येतं. मशीनवर अर्धी शिलाई अडकते.

मजुरी दोन्हीकडे कुशल, अर्धकुशल, अकुशल अशीच ठरते. पापडवालीला बहुधा अकुशलातच धरतात, हे काही पटत नाही.

सुटकेनंतर मात्र शिवणकाम सरस. ब्लाउज शिवणारीला गिऱ्हाईक घरी येतं; पापडाला आधी दुकानदार शोधावा लागतो.